बाबांच्या बाजूने लिनक्स

आमच्या ऑफिसातली तरुण मंडळी जेवणाच्या सुट्टीत गेमिंगच्या गप्पा मारतात. मी वयाने मोठा, त्यामुळे डबा खात ऐकायचं काम माझं. परवा त्यांच्यातल्या एकाने मोठ्या ऐटीत जाहीर केलं, की त्याने घरच्या मशीनवरून विंडोज काढून टाकलं आणि आता तो सगळे खेळ लिनक्सवर खेळतो. बाकीच्यांनी त्याचं असं कौतुक केलं, की जणू हा एकटाच सुळका चढून आला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी हे नव्वदच्या दशकात केलंय. रोह्यात." सगळे माझ्याकडे वळले. एकाने विचारलं, "तेव्हा लिनक्सवर खेळ तरी होते का, सर?" मी म्हणालो, "धड एक होता. तोही आम्हाला हवा तसा चालत नव्हता, म्हणून तर गेलो." त्यांना तो विनोद वाटला. ते हसले, मीही हसलो. पुढचं सांगायला लागलो असतो तर माझा आवाज बिघडला असता, आणि ऑफिसात ते बरं दिसत नाही.

ते पुढचं इथे सांगतो.

रोह्यात आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून होती आणि दोन्हींच्या पुढे मिळून एकच लांब पडवी होती. एका घरात आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी. दुसऱ्या घरात काका. नात्याने ते आमचे कुणी नव्हते. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आम्ही हिंदू. पण त्यांचे आजोबा आणि माझे पणजोबाही शेजारीच होते म्हणतात, आणि भांडणंसुद्धा तेव्हापासूनची होती. ते आईला वहिनी म्हणायचे, आई त्यांना भावजी म्हणायची. काकी आणि दोघे मुलगे इस्रायलला जाऊन स्थिरावले होते. काका तेवढे "रिटायर झालो की येतो" म्हणून मागे राहिले. मग रिटायरही झाले, तरी निघेनात. काकींचा फोन आला की ते पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही असं सांगायचे. त्यांच्या घरात पंखा बंदच असायचा.

बाबा आणि काका धाटावच्या एकाच कंपनीत, पण वेगळ्या शिफ्टला. एक घरी यायचा तेव्हा दुसरा सायकल काढायचा. शनिवारी काकांचा शब्बाथ, तेव्हा ते कामाला हात लावत नसत. म्हणून त्यांची शनिवारची ड्युटी बाबा करायचे आणि बदल्यात गणपतीत बाबांची ड्युटी काका करायचे. साहेबांना हे माहीत होतं. काम होतंय ना, मग कुणी का करेना, असं त्यांचं धोरण.

आता अशा दोन माणसांनी बुद्धिबळ खेळायचं तर कसं? त्यांनी त्यांच्यापुरता मार्ग काढला होता. पडवीत मधोमध एक स्टूल, स्टुलावर पट, आणि डाव संपेपर्यंत पट आवरायचा नाही. कामावर निघालेला माणूस पायात चप्पल सरकवता सरकवता आपली चाल खेळून जायचा. कामावरून आलेला घाम पुसत पटाकडे बघायचा, चहा पिताना विचार करायचा आणि आपल्या वेळेला चाल करून निघायचा. दिवसाला एखादी चाल. पावसाळ्यात लावलेला डाव थंडीत संपायचा. शनिवारी काका सोंगट्यांना शिवायचे नाहीत म्हणून बाबाही शिवायचे नाहीत, जरी त्यांना कुणी अडवलेलं नव्हतं. "शनवारी पट झोपतो," असं ते म्हणायचे. आई रोज पडवी झाडताना स्टूल पुसायची, पण सोंगटी तसूभर हलायची नाही. काका रिटायर झाल्यावर दोघांना समोरासमोर बसायला वेळ मिळू लागला, तर बाबांना ते जमेना. "तू टकामका बघत बसलास का मला सुचत नाय," असं म्हणून ते काकांना घरात पिटाळायचे आणि मग चाल करायचे.

त्यांचं बुद्धिबळ देशी होतं. शाळेत मी जे शिकलो त्याला काका विलायती म्हणायचे आणि नाक मुरडायचे. देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं. पलीकडच्या टोकाला पोचलं की ते ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं होतं, म्हणजे हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. सरसकट वजीर होण्याची चैन नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे राजाची उडी. राजाला एकदाही शह लागलेला नसेल, तर अख्ख्या डावात एकदा तो घोड्यासारखी उडी मारू शकतो. एकदाच. काका ती उडी लवकर मारून मोकळे व्हायचे. बाबा ती शेवटपर्यंत राखून ठेवायचे, आणि बऱ्याचदा डाव संपायचा तरी ती तशीच राहिलेली असायची. काका चिडवायचे, "अरे, उडी काय पेटीत ठेवून मुलाला देणार हायस काय?" बाबा म्हणायचे, "ती हाय म्हणून तू घाबरून खेळतोस. मारली का संपली."

त्या वर्षी श्रावणात बाबा दुसऱ्या शिफ्टला निघाले तेव्हा चाल त्यांची होती. चप्पल घालून ते पटाशी थांबले, खाली वाकले, हात पुढे केला आणि मागे घेतला. "आल्यावर बघतो," म्हणाले आणि सायकलवर बसून गेले. कंपनीतच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. लोकांनी त्यांना लगेच दवाखान्यात नेलं, पण ते घरी आले नाहीत. मी त्याबद्दल जास्त लिहीत नाही, मला लिहिता येत नाही.

त्या वर्षी आमच्याकडे गणपती आला नाही. पडवीत पट तसाच होता. काका संध्याकाळी येऊन स्टुलाशेजारी पायरीवर बसायचे, आई तांदूळ निवडत दाराशी बसायची. दोघं फारसं बोलायची नाहीत. दसऱ्याच्या सुमारास तिकडून काकांचे कागद आले, मुलाने तिकीटही काढलं, आणि आता ऐकू येत नाही म्हणायची सोय राहिली नाही. तेव्हा ते एका दुपारी माझ्या खोलीत आले. माझा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी बाबांनी हौसेने आणून दिलेला होता, त्याला आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. मी त्यावर गाड्यांच्या शर्यती खेळायचो, आणि रविवारी गावातले चार मित्र खेळायला जमायचे.

काका उभ्याउभ्याच म्हणाले, "तुझ्या मशीनला बुद्धिबळ येतो म्हणतोस ना?"

"येतं की."

"मग तुझ्या बापाच्या बाजूने खेळेल काय ते? अर्धा डाव टाकून मला जाता येत नाय रे. तिकडं जाऊन मी काय सांगू, कोण जिंकला?"

मी म्हणालो, "मी खेळतो ना बाबांच्या बाजूने."

"तू?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू चार चालीत मारून टाकशील तुझ्या बापाला."

ते खरं होतं, त्यामुळे मला रागही येईना. उलट मला ती कल्पना फार आवडली. बाबांसाठी काही करायचं राहून गेलं होतं आणि आता करण्यासारखं काहीतरी समोर आलं होतं. मी एवढा खूश झालो, की त्या डावाशी आणखी कुणाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. काकांच्याही आलं नाही. आईला सांगायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

पेणहून आणलेल्या एका सीडीवर विंडोजवर चालणारं बुद्धिबळ होतं. त्यात राजा-वजीर चालत जायचे आणि समोरच्याला तलवारीने कापून काढायचे. काका ते बघून पोट धरून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मी पडवीतला डाव जसाच्या तसा पडद्यावर मांडला आणि तपासण्यासाठी म्हणून बाबांच्या पांढऱ्या राजाला उडी मारायला लावली. मशीन 'टुंग' असं वाजलं आणि राजा परत आपल्या घरात जाऊन बसला. पुन्हा केलं. पुन्हा टुंग.

"काय म्हणतोय?" काकांनी विचारलं.

"ही चाल चालत नाही म्हणतोय."

"त्याला सांग ना, आपल्यात चालते."

"त्याला सांगता येत नाही, काका."

काका पडद्याकडे वाकून बघत राहिले. "म्हणजे आपल्याच घरात बसून आपल्यालाच नाय म्हणतो? तूच सांग, असला पाहुणा कोण ठेवून घेईल?"

मी पेणला क्लासला जायचो. तिथे माझा एक मित्र होता, पेणजवळच्या जोह्याचा. त्याच्या घरी गणपतीचा कारखाना, त्यामुळे बारा महिने त्याच्या नखांत रंग असायचा आणि श्रावणात तो क्लासला दिसायचाच नाही. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी तो दप्तरात घेऊन हिंडायचा. त्याच्या घरी मशीन नव्हतं, त्यामुळे ती सीडी घालायला तो कुणाचं तरी मशीन शोधतच होता. मी त्याला काकांच्या पाहुण्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "अरे, विंडोज म्हणजे तुला तयार मूर्ती दिली. आवडली तर पूज, नायतर गप बस. ह्यात साचा पण देतात. सोंड हवी तिकडे वळव." त्या सीडीवर बुद्धिबळाचा एक प्रोग्रॅम होता आणि तो ज्यांनी लिहिला त्यांनी तो ओळन्ओळ उघडा ठेवला होता. क्लासमध्ये आम्ही 'सी' शिकत होतो. त्याच भाषेत होता तो.

रविवारी तो गाडीने रोह्याला आला. कासू स्टेशन गेल्यावर त्याला डुलकी लागली आणि रोह्याला गाडी रिकामी झाल्यावर कुणीतरी त्याला उठवलं, इतकी तयारी त्याने आदल्या रात्री केली होती. विंडोज आणि लिनक्स दोन्ही शेजारी शेजारी ठेवू, असं आमचं ठरलं होतं. पण माझी डिस्क लहानशी, त्यात दोघं कुठली मावायला? कुठली तरी एक बाजू पुसली जाणार होती. मी म्हणालो, पूस विंडोज. माझ्या शर्यती गेल्या, बंदुकांचे खेळ गेले, मित्रांनी त्यात जिंकून ठेवलेलं सगळं गेलं. पुढच्या रविवारी चौघं आले तर पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. आवाजाचं कार्ड लिनक्सला ओळखूच येईना, म्हणून मशीन मुकं झालेलं. खेळायला काय, तर वरून विटा पडतात त्या रचायच्या. एक जण म्हणाला, "तुझं काय डोकंबिकं फिरलंय काय?" त्यानंतर ते आले नाहीत. मला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही. आता वाटतं, कारण त्यातल्या दोघांशी माझं नातं तिथेच संपलं.

मग आमचं काम सुरू झालं. जोह्याचा मित्र रविवारी यायचा, एरवी मी क्लासहून आल्यावर एकटा बसायचो. राजाने कुठे जायचं हे जिथे लिहिलं होतं ती जागा सापडायलाच पुष्कळ दिवस गेले. विलायती खेळात राजाला किल्लेकोट करता येतो, म्हणजे हत्तीच्या आडोशाला जाता येतं. तो एकदाच करता येतो याची नोंद प्रोग्रॅम ठेवत होता. त्या जागी आम्ही उडी बसवली. पहिल्यांदा राजा प्रत्येक चालीला बेडकासारखा उड्या मारत सुटला. ते दुरुस्त केलं तर तो थेट शत्रूच्या उंटापुढे जाऊन पडायला लागला. तेही दुरुस्त केलं तर मशीन मध्येच एक इंग्रजी ओळ टाकून मान टाकायला लागलं. त्या ओळीने आमच्या नाकी नऊ आणले. काका दारात यायचे आणि विचारायचे, "शिकला काय?" मी म्हणायचो, "शिकतोय." ते म्हणायचे, "बेण्या, माझी पोरं यापेक्षा लवकर शिकली."

आई जेवायला हाक मारायची, मित्राला आग्रहाने माशाचं कालवण वाढायची. एकदा तिने विचारलं, "काय रे करताय एवढं? जेवायला पण उठत नाय."

मी म्हणालो, "प्रॅक्टिकल हाय आई." सगळं समजावून सांगायचा कंटाळा, दुसरं काही नाही. ती म्हणाली, "चांगला अभ्यास करा. त्यांना लय हौस होती." आणि मित्राच्या ताटात आणखी एक तुकडी घातली.

मी त्या दिवसांत फार आनंदात होतो, हे सांगायला हवं. बाबा गेल्यावर घरात जे काही बसलं होतं ते मला त्या खोलीत जाणवत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं. डाव संपलाय, काका पटाकडे बघतायत आणि म्हणतायत, अगदी असाच खेळला असता तो.

दिवाळी झाली. प्याद्यांचं जमलं, उडीचं जमलं. काकांच्या घरातल्या खाटा, कपाट लोक येऊन घेऊन गेले. ते रात्री झोपायला पडवीत आमच्या बाजूला येऊ लागले. निघायला थोडे दिवस उरले तेव्हा एका रविवारी सकाळी मी त्यांना म्हणालो, "शिकला, काका." त्यांनी लगेच अंगात सदरा चढवला, टोपी घातली. पटासमोर बसायचं म्हणून खास.

आई बाजाराला गेली होती. रविवारी नदीपलीकडच्या अष्टमी गावाकडून ताजे मासे यायचे, तिला यायला वेळ लागणार होता. मी आत मशीनसमोर बसलो आणि काका बाहेर पडवीत स्टुलासमोर. मध्ये उघडी खिडकी. मशीनमध्ये डाव मांडून ठेवलेला होताच. चाल पांढऱ्याची, म्हणजे बाबांची. मी बटण दाबलं.

मशीनने क्षणभरही घेतला नाही. मी खिडकीतून सांगितलं, "राजा. उडी."

मग काका म्हणाले, "पहिल्याच चालीला?"

"मशीन म्हणतंय."

मशीनला उडी मारायला आम्ही शिकवलं होतं. ती राखून ठेवण्यात काही मोल असतं हे शिकवायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. दिसली मोकळी, मारली.

"तू ये बाहेर," काका म्हणाले. "तूच हलव. मी त्याच्या राजाला हात नाय लावायचा." मी बाहेर गेलो आणि राजा उचलला. त्याच्या बुडाचा गोल ठसा पटावरच्या रंगात तसाच उमटलेला राहिला, इतके दिवस तो एका जागी होता. मी त्याला उडीच्या घरात ठेवलं आणि आत आलो. काकांनी बराच विचार करून आपली चाल सांगितली. मी ती टाकली की बोट उचलायच्या आत उत्तर आलेलं. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. असं चार-पाचदा झाल्यावर मीच म्हणालो, "काका, आता दोन्हीकडचं तुम्हीच हलवा ना." तेव्हापासून ते दोन्ही बाजू हलवू लागले.

बाबांना ज्या चालीला एक अख्खी शिफ्ट लागायची ती मशीन डोळा मिटायच्या आत करत होतं. काका आधी विचार करून खेळत होते, मग घाईने खेळू लागले. समोरचा इतका भराभर बोलला की आपणही भराभर बोलतो, तसं. त्यांचा वजीर गेला. मग एक हत्ती. मी खिडकीतून म्हणालो, "शह." मग पुन्हा म्हणालो, "शह." आणि मग पडद्यावर मात आली.

मी ओरडलोच. "काका, बाबा जिंकले!"

काका उठले नाहीत. मी बाहेर आलो. ते पटाकडे बघत होते.

"तुझं मशीन जिंकलं," ते म्हणाले. "चांगलं खेळलं, मी नाय म्हणत नाय. पण तुझा बाप असा खेळला नसता. त्याने उडी मारली नसती. त्याने आज काहीच केलं नसतं, नुसता बघत बसला असता." मग त्यांनी डोळे पुसले आणि सवयीने, डाव संपला म्हणून, सोंगट्या एकेक करून पिशवीत टाकायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं नाही. डाव संपला की सोंगट्या भरतात, त्यात थांबवायचं काय, असंच मला वाटलं.

आई आली तेव्हा स्टुलावर नुसता पट होता, चौकड्यांचा. तिच्या हातात माशांची पिशवी होती, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"सोंगट्या कुठं गेल्या?"

"डाव झाला वहिनी," काका म्हणाले. "तोच जिंकला."

"कोण तो?"

माझी नजर खिडकीकडे गेली. तिने खिडकीतून आतल्या पडद्याकडे बघितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली, पिशवी बाजूला ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला एकदा विचारायचं होतंत, भावजी. त्यांचं बाकी सगळं मी आवरलं. कपडे दिले, सायकल दिली, भिंतीवरचा कंपनीचा बिल्ला पण काढला. एवढी एक चाल बाकी होती त्यांची. ती असेपर्यंत मला वाटायचं, त्यांचं इथं काहीतरी काम राहिलंय."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझ्या लक्षात नाय आलं गो," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला वहिनी न म्हणता नुसतं 'गो' म्हटलं. मोठा भाऊ बहिणीला म्हणतो तसं. आई म्हणाली, "जाऊ द्या." आणि मासे साफ करायला आत गेली.

निघायच्या आधी काकांनी मलिदा केला. पेणचे पोहे, खोबरं, साखर, फळं. प्रवासाला जाताना त्यांच्यात करतात. नारळ आईनेच खोवून दिला. दोघंही नेहमीसारखी बोलत होती, पोहे जास्त भिजले का यावर वादही घातला. पण मी बघत होतो, दोघंही पडवीतून जाताना स्टुलाच्या बाजूने वळून जायची आणि तिकडे बघायची नाहीत. स्टेशनवर काकांनी मला बाजूला घेतलं. "हा डाव मी तिकडं कुणाला सांगायचा नाय," ते म्हणाले. "विचारलंच तर सांगेन, त्याची चाल होती तेव्हा मी निघालो." मी मान हलवली. गाडी आली, आणि त्यांच्या ट्रंका चढवण्याच्या गडबडीत नीट निरोपही घेता आला नाही. ते परत कधी आले नाहीत.

त्यानंतर मला एक सुचलं. सुचलं म्हणजे काय, मला वाटलं मी सगळं ठीक करू शकतो. कॉम्प्युटर शिकणाऱ्या माणसाला असं वाटण्याची खोडच असते. मशीनमध्ये मी तो डाव मांडून ठेवला होता, तो तसाच्या तसा सुरक्षित होता. कुठलं प्यादं कुठे, कुठला घोडा कुठे, सगळं. एका सकाळी आई उठायच्या आत मी पिशवीतल्या सोंगट्या काढल्या आणि पडद्यावर बघून एकेक घर पडताळत पटावर मांडल्या. राजाही त्याच्या जुन्या घरात, त्या गोल ठशावर नेमका ठेवला. चाल पांढऱ्याची. एकही चूक नव्हती, मी दोनदा तपासलं. मग आईला हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. पटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी कशाची तरी वाट बघतोय हे तिला कळलं असणार, कारण तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"बरोबर मांडलंस," ती म्हणाली. "अगदी तस्संच हाय. पण बाळा, त्या सोंगट्या त्यांनी ठेवलेल्या होत्या. ह्या तू ठेवल्यास."

तिचं खरं होतं. मी पटाकडे बघत उभा राहिलो. घरं तीच होती, सोंगट्या त्याच होत्या, आणि बाबांच्या हातचं त्यात काहीसुद्धा उरलं नव्हतं.